विधिमंडळाचे मार्शल: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

अधिवेशन सुरू झालं की कोल्हापुरात चहाच्या टपरीपासून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेपर्यंत सभागृहातल्या गोंधळाची चर्चा रंगते. कोण काय बोललं, कुणी राजदंडाला हात घातला, हे सगळं लक्षात राहतं. त्याच गर्दीत गणवेशात उभा असलेला, अध्यक्षांच्या आदेशावर पुढे होणारा आणि काम झालं की मागे सरणारा अधिकारी, म्हणजे मार्शल, मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य, पक्षांचे कार्यकर्ते यांच्याकडून त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मार्शल नेमकं काय काम करतात?

सभागृहाची बैठक सुरू होताना अध्यक्ष येत असल्याची वर्दी मार्शल देतात. दारांवर कोण, गॅलरीत कोण, सदस्य नसलेलं कुणी आत शिरलं आहे का, यावर त्यांची आणि त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांची नजर असते. अध्यक्षांनी सांगितलं तर सदस्याला सभागृहाबाहेर नेणं हेही त्यांचंच काम. राज्यपाल अभिभाषणाला येतात त्या दिवशी कोण कुठे उभं राहील, मिरवणूक कशी निघेल, हे ठरल्याप्रमाणे पार पाडण्यातही त्यांचा वाटा असतो. थोडक्यात, सुरक्षा आणि शिष्टाचार ही दोन्ही कामं एकाच पदाभोवती गुंफलेली आहेत.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. एका सभागृहात अध्यक्ष, दुसऱ्यात सभापती. मार्शल त्या त्या आसनाचा आदेश पाळतात. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये हेच काम करणाऱ्या अधिकाऱ्याला सार्जंट ॲट आर्म्स म्हणतात आणि ते पद १४१५ पासून चालत आलं आहे. तिथल्या वरिष्ठ सभागृहात ब्लॅक रॉड हा अधिकारी असतो. अमेरिकेत सिनेट आणि प्रतिनिधीगृह या दोघांचे आपापले सार्जंट ॲट आर्म्स आहेत.

म्हणजे ते पोलीसच ना? सरकारच्या हाताखालचे?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पोलीस गृहखात्याचे, आणि गृहखातं सरकारचं. सरकारला जाब विचारण्यासाठी जे सभागृह भरतं, त्याच्या आतल्या सुव्यवस्थेची दोरी सरकारच्याच हाती दिली तर विरोधात बोलणाऱ्या सदस्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? म्हणून सभागृहाच्या आत मुख्यमंत्र्यांचा किंवा गृहमंत्र्यांचा हुकूम चालत नाही, अध्यक्षांचा चालतो. संविधानाच्या कलम १८७ नुसार राज्य विधिमंडळाला स्वतःचा वेगळा कर्मचारी वर्ग असतो, तोही याच विचारातून.

आपल्या देशात ही गोष्ट भांडून मिळवलेली आहे. १९२५ साली विठ्ठलभाई पटेल केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष झाले. त्याआधी ते मुंबईच्या कायदेमंडळात होते आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षही होते. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या सभागृहात बाँब टाकले. त्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. ब्रिटिश सरकारला आपले पोलीस आत हवे होते. विठ्ठलभाईंचं म्हणणं असं की सभागृहाच्या आत अध्यक्षाचाच अधिकार चालला पाहिजे. या आग्रहातून १९२९ मध्येच ‘वॉच अँड वॉर्ड’ ही सभागृहाची स्वतःची सुरक्षा यंत्रणा उभी राहिली. २००९ मध्ये तिचं नाव पार्लमेंट सिक्युरिटी सर्व्हिस झालं. परक्या सत्तेच्या काळात, सगळं बळ सरकारकडे असताना, एका अध्यक्षानं एवढा ताठ कणा दाखवला याचं मला फार मोल वाटतं.

मग अधिवेशनाच्या वेळी विधानभवनाभोवती पोलिसांचा एवढा बंदोबस्त कशाला?

बाहेरचे रस्ते, मोर्चे, वाहतूक, फाटकाबाहेरचा परिसर ही पोलिसांची जबाबदारी. मुंबईत मुंबई पोलीस, हिवाळी अधिवेशनाला नागपुरात नागपूर पोलीस. कोल्हापुरातून ऊसदरासाठी किंवा शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात मोर्चा गेला तर त्याला अडवणारे पोलीस असतात, मार्शल नव्हेत. आवाराच्या आत पोलीस मदतीला असले तरी सभागृहात पाऊल टाकायचं तर अध्यक्षांची परवानगी हवी.

आमच्या आमदारांना मार्शलनी उचलून बाहेर नेलं तर त्यांच्यावर कारवाई झाली असं समजायचं का?

बाहेर नेणं आणि निलंबित करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र विधानसभेच्या नियम ५३ प्रमाणे, अध्यक्षांचा निर्णय न मानणाऱ्या किंवा फारच बेशिस्त वागणाऱ्या सदस्याला अध्यक्ष तात्काळ बाहेर जायला सांगू शकतात. त्या सदस्याला त्या दिवसाच्या उरलेल्या बैठकीला येता येत नाही. त्याच अधिवेशनात दुसऱ्यांदा तीच वेळ आली तर फार तर अधिवेशन संपेपर्यंत त्याला दूर ठेवता येतं. मार्शलचं काम येतं ते सदस्य स्वतःहून गेला नाही तर. आधी विनंती, मग पुन्हा विनंती, मग सहकारी सदस्यांकरवी समजूत, आणि त्यानंतरच हात. महिला सदस्य असतील तर महिला सुरक्षा कर्मचारी पुढे होतात.

या नियमाची मर्यादा किती, हे महाराष्ट्राच्याच प्रकरणात ठरलं. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं गेलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचा तर्क समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात मात्र जागा रिकामी होत नाही, त्यामुळे पोटनिवडणूकही नाही आणि प्रतिनिधीही नाही. वर्षभराचं निलंबन त्या मतदारांसाठी हकालपट्टीपेक्षाही वाईट, असं न्यायालयानं म्हटलं.

आता हे आपल्यावर लावून बघा. कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार जातात: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. समजा शिरोळच्या आमदाराला वर्षभर सभागृहाबाहेर ठेवलं. त्या वर्षी महापूर आला, अलमट्टीच्या उंचीवर चर्चा झाली, पंचगंगेच्या प्रदूषणावर लक्षवेधी लागली, तर नृसिंहवाडीच्या आणि कुरुंदवाडच्या माणसाच्या वतीनं उठून कोण बोलणार? सदस्याला बाहेर नेणारा हात म्हणूनच जपून पडायला हवा. पक्ष कुठलाही असो.

मार्शल व्हायचं तर पैलवान गडी लागत असेल?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच! अंगात ताकद लागते, नाही असं नाही. पण या पदावर ज्यांचं नाव जगभर आदरानं घेतलं जातं त्यातल्या एकाची गोष्ट ऐका.

८ मे १९८४. कॅनडातल्या क्युबेक प्रांताची विधानसभा. डेनिस लॉर्टी नावाचा सैन्यातला कॉर्पोरल मशीनगन घेऊन इमारतीत शिरला आणि गोळ्या झाडत सभागृहापर्यंत पोहोचला. तीन माणसं मेली, अनेक जखमी झाली. सभागृहाचे सार्जंट ॲट आर्म्स रेने जाल्बेर हे सैन्यातून निवृत्त झालेले मेजर. हातात शस्त्र नाही. ते थेट त्याच्या समोर गेले, आपण सैन्यातले आहोत असं सांगून ओळखपत्र दाखवलं, त्याला बोलतं केलं. आत अडकलेल्यांना बाहेर सोडायला राजी केलं आणि त्याला आपल्या कार्यालयात नेलं. तिथे कित्येक तास ते त्याच्याशी बोलत बसले. शेवटी त्यानं शरणागती पत्करली. त्या दिवशी सभागृहाची बैठक थोड्याच वेळात भरायची होती. जाल्बेर यांना कॅनडाचा शौर्याचा सर्वोच्च नागरी सन्मान, क्रॉस ऑफ व्हॅलर, मिळाला.

त्याच देशात तीस वर्षांनी, २२ ऑक्टोबर २०१४ रोजी, ओटावाच्या संसदेत बंदूकधारी घुसला. युद्धस्मारकावर पहारा देणाऱ्या एका सैनिकाला मारून तो आला होता. तेव्हाचे सार्जंट ॲट आर्म्स केविन विकर्स यांनी स्वतः पिस्तूल चालवलं आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या गोळीबारात हल्लेखोर ठार झाला. दुसऱ्या दिवशी तेच विकर्स नेहमीप्रमाणे राजदंड खांद्यावर घेऊन सभागृहात आले आणि सगळे सदस्य उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

बोलणं कधी आणि गोळी कधी, हे क्षणात ओळखणारं डोकं या पदाला लागतं. तालमीतला जाणता वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा असतो तेव्हा त्याची नजरच पोरांना आवरते, त्याला आत उतरावं लागत नाही. मार्शलचं तसंच आहे.

राजदंड पळवला की सभागृह बंद पडतं, हे खरं का?

लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये राजदंड जागेवर नसेल तर सभागृहाला कामकाजच चालवता येत नाही. राजदंड हे सभागृहाच्या अधिकाराचं चिन्ह मानलं जातं. आपल्या विधिमंडळात अध्यक्षांच्या आसनासमोर राजदंड असतो आणि विरोधकांनी तो उचलला की अध्यक्ष सहसा बैठक तहकूब करतात. लोकसभेत असा राजदंड नाही. तिथे २८ मे २०२३ पासून अध्यक्षांच्या आसनाजवळ सेंगोल हा सोनेरी दंड बसवला आहे.

राजदंड उचलणं हा आपल्याकडे निषेधाचा प्रकार झाला आहे. महापालिकांतही महापौरांसमोरचा राजदंड पळवण्याचे प्रसंग घडतात. सदस्याचा राग समजतो, पण ते चिन्ह सत्ताधाऱ्यांचं नसतं, सगळ्या सभागृहाचं असतं. राजदंड धरून ठेवणारे मार्शल सरकारची बाजू घेत आहेत असं पाहणाऱ्याला वाटतं, तसं नसतं. उद्या सत्तापालट झाला तर त्याच राजदंडाचं ते तितक्याच निष्ठेनं रक्षण करतात.

पोलीस सभागृहात शिरले तर काय होतं?

२३ मार्च २०२१ रोजी बिहार विधानसभेत हे घडलं. सशस्त्र पोलिसांबद्दलच्याच एका विधेयकाला विरोध करणाऱ्या आमदारांना पोलिसांनी ओढत, फरफटत बाहेर काढलं. त्या चित्रफिती देशभर गेल्या. पोलिसांचे अधिकार वाढवणाऱ्या विधेयकावर मतभेद, आणि ते मोडायला पोलीसच. मार्शल आणि पोलीस यांच्यातली रेघ पुसली गेली की असं दृश्य तयार होतं.

दिल्लीतही ही रेघ आता नाजूक झाली आहे. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोन जणांनी खाली उड्या मारल्या आणि धुराची नळकांडी फोडली. त्यानंतर मे २०२४ मध्ये संसद परिसराची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली, म्हणजे गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतल्या दलाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेतले विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खरगे यांनी या दलाचे जवान थेट सभागृहात आणल्याची तक्रार केली. ते सभागृहाचे मार्शलच होते, असं उत्तर त्यांना मिळालं. फाटकावर कडक तपासणी हवीच. पण सभागृहाच्या दाराच्या आत उभा असलेला माणूस सभागृहाचाच नोकर असला पाहिजे. १९२९ साली जे मिळवलं ते सोयीच्या नावाखाली सोडून देऊ नये.

विधानभवनात आमदाराला अटक होऊ शकते का?

आवारात अध्यक्षांच्या परवानगीशिवाय नाही. बाहेर अटक झाली तर पोलिसांनी ताबडतोब अध्यक्षांना कळवावं लागतं. दिवाणी प्रकरणात अधिवेशनाच्या काळात आणि त्याआधी-नंतर ४० दिवस अटकेपासून संरक्षण असतं. फौजदारी गुन्ह्यात असं संरक्षण नाही. ते असतं, हा गैरसमज कार्यकर्त्यांमध्ये फार पसरलेला आहे.

आणि बाहेरच्या माणसाला? हक्कभंगाखाली मार्शल कुणालाही धरून आणू शकतात का?

सभागृह हक्कभंगासाठी, म्हणजे सभागृहाच्या किंवा सदस्यांच्या विशेषाधिकारांना धक्का लावल्याबद्दल, शिक्षा देऊ शकतं. मार्च २००८ मध्ये महाराष्ट्र विधानसभेनं राज्य निवडणूक आयुक्तांना दोन दिवसांच्या कैदेची शिक्षा दिली होती. पण हा अधिकार अमर्याद नाही, हे दोन प्रकरणांतून ठरत गेलं.

पहिलं १९५२ चं. ‘ब्लिट्झ’ या मुंबईच्या साप्ताहिकाच्या संपादकीय जबाबदारीवर असलेल्या होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या आदेशावरून मुंबईत पकडून लखनौला नेलं आणि तिथे ठेवलं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडायला लावलं.

दुसरं प्रकरण देशाला हादरवणारं. १९६४ मध्ये गोरखपूरचे कार्यकर्ते केशव सिंह यांना उत्तर प्रदेश विधानसभेनं सात दिवसांची कैद दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला. विधानसभा इतकी चिडली की त्या दोन न्यायमूर्तींना आणि केशव सिंहांच्या वकिलांना ताब्यात घेऊन सभागृहासमोर आणा, असा ठराव केला. सभागृहाच्या मार्शलकडे वॉरंट सोपवली गेली. कल्पना करा: उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पकडायला विधानसभेचा मार्शल निघणार! तेव्हा उच्च न्यायालयाच्या २८ न्यायमूर्तींनी एकत्र बसून त्या ठरावाला स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. सरन्यायाधीश होते आपल्या शेजारच्या साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. बहुमताचं मत त्यांनीच दिलं: नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर न्यायालय दखल घेऊ शकतं आणि त्या न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं. मार्शलच्या हातातल्या कागदामागे किती मोठा घटनात्मक पेच उभा राहू शकतो, ते त्यातून कळतं.

शिष्टाचाराचं काम म्हणजे नुसता थाटमाट नाही का?

तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोल्हापूरकरांना हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती येतात तेव्हा भालदार-चोपदारांची ललकारी होते आणि हजारो माणसं आपोआप शांत होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच शहरात सुरू झालं, तिथेही न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार असतो. पदाचा मान राखला जातो आहे, हे सगळ्यांना दिसावं यासाठी ही रीत आहे.

सभागृहाच्या शिष्टाचारात तर इतिहास दडलेला आहे. ४ जानेवारी १६४२ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना अटक करायला सैनिकांसह हाउस ऑफ कॉमन्समध्ये घुसला. सदस्य आधीच निसटले होते, आणि ते कुठे आहेत हे सांगायला अध्यक्ष लेंथॉल यांनी नकार दिला. त्याची आठवण आजही पाळली जाते. राजाचा निरोप घेऊन ब्लॅक रॉड येतात तेव्हा कॉमन्सचं दार त्यांच्या तोंडावर आपटलं जातं. त्यांनी काठीनं तीनदा ठोठावल्यावरच ते उघडतं. २०१८ मध्ये सारा क्लार्क या पदावर आलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

आपल्याकडे कलम १७६ प्रमाणे सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपाल दोन्ही सभागृहांसमोर अभिभाषण करतात. पीठासीन अधिकारी त्यांना सामोरे जातात आणि ठरलेल्या क्रमानं मिरवणूक आत येते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष भाषणाला येतात तेव्हा दारातून त्यांच्या आगमनाची घोषणा प्रतिनिधीगृहाचे सार्जंट ॲट आर्म्स करतात. सभागृह हे यजमान आणि राज्यपाल किंवा राष्ट्राध्यक्ष हे पाहुणे, हे नातं त्या काही मिनिटांत सगळ्यांसमोर मांडलं जातं.

आमच्या गावच्या उद्घाटनाला आमदारांना बोलावलं नाही, कोनशिलेवर नाव नाही. हा शिष्टाचार मार्शल बघतात का?

नाही. शासकीय कार्यक्रमाचा राजशिष्टाचार जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्यात सामान्य प्रशासन विभाग बघतो. आमदार त्यावरून सभागृहात हक्कभंगाची सूचना देऊ शकतात, एवढाच काय तो संबंध.

सदस्याला जबरदस्तीनं आतही आणता येतं का?

अमेरिकेच्या सिनेटमध्ये येतं. फेब्रुवारी १९८८ मध्ये गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, पुरी होऊ नये म्हणून विरोधी सिनेटर गैरहजर राहिले. त्यांना शोधून आणण्याचा आदेश निघाला आणि सिनेटर बॉब पॅकवुड यांना सार्जंटच्या माणसांनी अक्षरशः उचलून, पाय पुढे करून सभागृहात आणलं. आपल्याकडे गणसंख्या नसेल तर घंटा वाजते आणि तरीही पुरली नाही तर बैठक तहकूब होते.

गणवेशावरून काय वाद झाला होता?

नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेच्या २५० व्या अधिवेशनाला मार्शल फेट्याऐवजी लष्करी धाटणीच्या टोपीत आणि गणवेशात दिसले. माजी सेनाधिकाऱ्यांनी हरकत घेतली, सभापती व्यंकय्या नायडू यांनी फेरविचार करायला सांगितलं आणि तो वेश बदलला. हरकत योग्यच होती. सभागृहाचा सेवक सैनिकासारखा दिसू लागला की लोकांचा त्याच्याकडे बघण्याचा दृष्टिकोनही बदलतो.

सभागृहात मारामारी किंवा मोडतोड केली तर गुन्हा दाखल होतो का?

होतो. १३ मार्च २०१५ रोजी केरळ विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना विरोधी आमदारांनी आसन, संगणक, माइक यांची मोडतोड केली. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी अर्थमंत्र्यांभोवती कडं केलं आणि त्यातून भाषण झालं. पुढे सरकारनं खटला मागे घ्यायचं ठरवलं, पण २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते होऊ दिलं नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, तोडफोडीला विशेषाधिकाराचं कवच नाही, असा तो निर्णय.

महाराष्ट्रालाही अशा आठवणी आहेत. ९ नोव्हेंबर २००९ रोजी हिंदीतून शपथ घेणाऱ्या आमदाराला सभागृहात मारहाण झाली आणि चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. मार्च २०१३ मध्ये विधानभवनात एका पोलीस अधिकाऱ्यालाच आमदारांनी मारलं. आणि १७ जुलै २०२५ रोजी लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली. सदस्यांचं वागणं घसरलं की त्याचा पहिला भार मार्शलवर येतो, आणि दुसरा सामान्य माणसावर, कारण दारं त्याच्यासाठी बंद होतात.

२००१ च्या संसद हल्ल्यात या यंत्रणेनं काय केलं?

१३ डिसेंबर २००१ रोजी संशयास्पद गाडीमागे धावत जाणारे जगदीश प्रसाद यादव आणि दार बंद करण्यासाठी जीव देणारे मातबर सिंह नेगी हे दोघेही वॉच अँड वॉर्डचे कर्मचारी होते. दोघांच्याही हातात बंदूक नव्हती. इमारतीची दारं वेळेत बंद झाली आणि अतिरेकी आत पोहोचू शकले नाहीत. या दोघांना आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आलं.

उलट ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव थेट सभागृहात घुसला. तिथे सुरक्षेचा निर्णय दोन सार्जंट आणि इमारतीचे प्रमुख वास्तुविशारद यांच्या मंडळाकडे होता. जादा कुमक मागायला उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांच्या सार्जंटनी पद सोडलं.

कोल्हापुरातून अधिवेशन बघायला जायचं आहे. पास कसा मिळतो?

आपल्या आमदाराच्या शिफारशीवर. नाव, ओळखपत्र, कोणत्या दिवशी जायचं हे आधी कळवावं लागतं. जुलै २०२५ च्या हाणामारीनंतर अध्यक्षांनी अधिवेशन काळात अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक निर्बंध आणले, त्यामुळे आत्ताची स्थिती आमदारांच्या कार्यालयात विचारूनच महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. मोबाइल, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. गॅलरीत टाळ्या, घोषणा, खाणाखुणा चालत नाहीत. आपल्या आमदारानं कितीही जोरदार भाषण केलं तरी शांत बसायचं. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींसाठी शिक्षकांनी बरंच आधी पत्रव्यवहार करावा.

आणि ही नोकरी कशी मिळते?

विधानमंडळ सचिवालय स्वतंत्र असल्यामुळे त्याची भरतीही सचिवालयाच्या जाहिरातीनुसार होते. पोलीस भरतीच्या जाहिरातीत ही पदं शोधत बसू नका. राजारामपुरीतल्या आणि शाहूपुरीतल्या अभ्यासिकांमधून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना मी आवर्जून सांगतो की सचिवालयाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. धावणं आणि लेखी परीक्षा यांच्या तयारीबरोबर संविधानातली १७६, १८७, १९४ आणि २१२ ही कलमं वाचून ठेवा. त्यातल्या २१२ व्या कलमात सभागृहाची सुव्यवस्था राखण्याचे अधिकार ज्या अधिकाऱ्याकडे सोपवलेले असतात, त्याला ते अधिकार वापरताना केलेल्या कृतीबद्दल न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. एवढा मोठा भरवसा फार थोड्या पदांवर टाकलेला आहे.